स्कोप नंतर, आधी माउंट

ग्वाल्हेरचा माणूस बंदुकीवर लिहितोय म्हटलं की बाहेरच्या मंडळींना लगेच चंबळ, बागी आणि वरातीतला गोळीबार आठवतो. त्यांचंही फार चुकत नाही. लग्नात हवेत बार काढणं ही आपल्याकडची जुनी खोड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात यासाठी वेगळं कलमच आलं. कोणाच्या जिवाला धोका होईल असा ‘हर्ष फायरिंग’ केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हा लेख त्या बंदुकांवर नाही. हा आहे साध्या छऱ्याच्या बंदुकीवर, म्हणजे एअर रायफलवर, आणि त्यातही तिच्या पाठीवर बसणाऱ्या एका छोट्या, दुर्लक्षित तुकड्यावर.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणलं. त्याच प्रकारात उतरणारा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर तर आपल्याच मध्य प्रदेशातला, खरगोन जिल्ह्यातला, भोपाळच्या राज्य अकादमीत घडलेला. तेव्हापासून गणपतीत, हळदीकुंकवाला, कुठेही गेलं की एक प्रश्न येतोच, “अरे, मुलाला एअर रायफल घेतोय, स्कोप कुठला घेऊ?” मी शिकलो मेकॅनिकल, नोकरी सॉफ्टवेअरची, आणि हौस छऱ्यांची. त्यामुळे नातेवाइकांत या विषयाचा तज्ज्ञ म्हणून माझी नेमणूक झालेली आहे. बिनपगारी.

मी आधी उलटा प्रश्न विचारतो. मुलाला स्पर्धेत उतरायचंय का? उत्तर ‘हो’ असेल, तर स्कोप घेऊच नका. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. स्वप्नीलने जे केलं ते डोळ्यासमोरच्या बारीक छिद्राच्या साइटमधून केलं. दुर्बीण चालायची ती रनिंग टार्गेटमध्ये, पण तो प्रकार २००४ च्या अथेन्सनंतर ऑलिंपिकमधून गेला. म्हणजे स्पर्धेच्या वाटेवरच्या मुलासाठी स्कोपवर घातलेला रुपया वायाच. तेच पैसे चांगल्या पीप साइटसाठी ठेवा.

मग स्कोप कोणासाठी? घरच्या अंगणात, सुट्टीच्या दिवशी, कागदावर नेम धरणाऱ्यांसाठी. आणि चाळिशी ओलांडलेल्या बाबांसाठी तर नक्कीच. उघड्या साइटवर डोळ्याला मागची खाच, पुढचा मणी आणि लांबचा कागद या तीन अंतरांचा मेळ घालावा लागतो. चष्मा लागलेल्या डोळ्याला ते जड जातं. स्कोपमध्ये रेघा आणि कागद एकाच पातळीवर दिसतात, त्यामुळे बाबाही मुलासोबत खेळू शकतात.

इथपर्यंत सगळं सोपं असतं. मग लोक स्कोपचे आकडे वाचायला लागतात. चार पट की नऊ पट, काच ३२ मिलिमीटरची की ४० ची. सगळं बजेट तिथे संपतं आणि माउंट म्हणून डब्यात जे फुकट आलं असेल ते बसवलं जातं.

माझ्या भाच्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं. भावोजींनी त्याला चौदाव्या वाढदिवसाला स्प्रिंगची रायफल आणि स्कोप असा तयार सेट दिला. महिनाभर पोरगं खुशीत होतं, मग बंदूक कपाटावर गेली. ताई म्हणाली, “त्याचं मन लागत नाही कशातच.” मी त्याला विचारलं तर म्हणाला, “मामा, मला जमतच नाही. पहिले दहा छरे नीट जातात, मग माझा हात बिघडतो.”

सुदैवाने पोराने कागद जपून ठेवले होते, तारखा घालून. मी ते जमिनीवर ओळीने मांडले. छरे विखुरलेले नव्हते. प्रत्येक कागदावर पाच छरे एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ होते, फक्त तो पुंजका दर कागदाला थोडा थोडा सरकत गेला होता. हात बिघडला की छरे पसरतात. पुंजका घट्ट राहून जागा बदलत असेल, तर दोष हाताचा नसतो, काहीतरी सरकतंय. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर कोड बरोबर आहे, कॉन्फिगरेशन बदलतंय. स्वतःला नालायक समजायला लागलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला हा फरक दाखवणं मला स्कोपपेक्षा महत्त्वाचं वाटलं.

सरकतं का, ते समजून घेऊ. स्प्रिंगच्या बंदुकीत घोडा ओढला की आतला जड पिस्टन पुढे झेपावतो आणि बंदूक मागे ढकलली जाते. पुढच्याच क्षणी पिस्टन दाबलेल्या हवेच्या गादीवर आदळून थांबतो आणि बंदूक झटक्याने पुढे जाते. म्हणजे एका छऱ्यामागे दोन धक्के, उलट दिशांचे. बंदूक पुढे झटकली जाते तेव्हा वरचा स्कोप जडत्वामुळे जागेवरच राहू पाहतो, परिणामी माउंट पाठीवरच्या खाचेत मागे, आपल्या डोळ्याकडे, सरकतो. मोठ्या रायफलचा धक्का सोसणारे काही स्कोपही हा उलटा झटका सोसत नाहीत, आतून खिळखिळे होतात. म्हणून स्कोपच्या डब्यावर ‘एअरगनसाठी’ असं लिहिलेलं आहे का तेही बघावं. हवेची टाकी आधीच भरून ठेवायची पीसीपी बंदूक असेल, तर तिच्यात जड पिस्टन धावत नाही, धक्का नगण्य असतो, आणि तिथे साधा माउंटही निभावून नेतो. स्प्रिंगवाल्यांना मात्र ही चैन नाही.

आता किती सरकलं म्हणजे किती बिघडलं? दोन रिंगांमध्ये १०० मिलिमीटर अंतर धरा. त्यातली एक रिंग ०.१ मिलिमीटर, म्हणजे प्रिंटरच्या एका कागदाच्या जाडीएवढी, वर-खाली झाली, तर नजरेची रेघ दर मीटरला एक मिलिमीटर चुकते. १० मीटरवर पूर्ण एक सेंटिमीटर. स्पर्धेच्या १० मीटरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो आणि छरा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे कागदाच्या एका पानाएवढ्या ढिलाईने दहाचा नेम थेट सातवर. खाचेत सरळ मागे सरकताना कोन बदलायला नको असं वाटतं, पण खाच काही काटेकोर सरळ नसते. माउंट सरकता सरकता किंचित कलतोही.

दुकानात काय बघायचं, ते आता सांगतो. पहिली गोष्ट खाच. बहुतेक एअर रायफलींच्या पाठीवर ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते. चौकोनी गाळे पाडलेली रुंद पट्टी असते ती वीव्हर किंवा पिकाटिनी. पिकाटिनीचं माप १९९५ मध्ये अमेरिकी सैन्याने पक्कं केलं, गाळा ५.२३ मिलिमीटरचा. वीव्हरचा गाळा थोडा अरुंद, त्यामुळे वीव्हरचा माउंट पिकाटिनीवर बसतो, उलटं दर वेळी होतंच असं नाही. खाच आणि माउंट एका जातीचे हवेत, मधले जोडपट्टे टाळा. प्रत्येक जोड म्हणजे ढिलं होण्याची एक जास्तीची जागा. दुसरी गोष्ट नळीचं माप. स्कोपची नळी एक इंचाची म्हणजे २५.४ मिलिमीटरची असते, नाहीतर ३० ची. दुकानदार “चल जाएगा” म्हणाला तरी हे चालत नाही.

काहींच्या घरी आजोबांच्या वेळची आयएचपी असेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये काढलेल्या इंडियन ह्यूम पाइपची ती छऱ्याची बंदूक. अशा जुन्या बंदुकीच्या पाठीवर खाचच नसेल तर भोकं पाडून स्कोप बसवायच्या भानगडीत पडू नका. ती तशीच सुंदर आहे.

आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे स्टॉप पिन. माउंटच्या पोटातून खाली उतरणारा हा छोटा खिळा बंदुकीच्या पाठीवरच्या छिद्रात बसतो. माउंटला मागे जायचं असेल तर मग नुसत्या घर्षणाशी नाही, पोलादाशी झगडावं लागतं. भाच्याच्या बंदुकीला छिद्र होतं, पण फुकटच्या माउंटला पिनच नव्हती. स्वस्तात मिळणाऱ्या दोन सुट्या रिंगांपेक्षा स्प्रिंगच्या बंदुकीला एका तुकड्याचा माउंट बरा. पकड लांब, स्क्रू जास्त, आणि दोन रिंगा आपोआप एका रेषेत. वरच्या टोपीला दोनऐवजी चार स्क्रू असले तर उत्तम. धातू ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कापलेला असावा. ओतीव माल ओळखू येतो. कडा खरबरीत असतात, रंग जाड असतो आणि स्क्रू दोन-तीनदा कसला की आटे सुटतात. रंग, नक्षी, परदेशी नाव, यांचे पैसे देऊ नका. उंची मात्र मोजा. पुढची काच नळीला टेकता कामा नये आणि नळी मोडून छरा भरताना बोट अडता कामा नये. त्याहून उंच नको.

भावोजींनी दोन हजारांची मर्यादा घातली होती, आणि त्याच्या बऱ्याच आत काम झालं. एक गंमत झाली. नव्या माउंटची पिन छिद्रापेक्षा केसभर जाड निघाली. ती घेऊन हजीऱ्याला एका खरादवाल्याकडे गेलो. त्याने कॅलिपर लावला, पिन लेथवर धरली आणि चहा येईपर्यंत उतरवून दिली. पैसे घेतले पन्नास. आपल्या शहरात असे हात अजून आहेत, आणि आपण त्याच कामासाठी ऑनलाइन महिनाभर वाट बघतो.

बसवायचं काम भाच्याकडूनच करून घेतलं. खाच आणि माउंट आधी स्पिरिटने पुसून तेलाचा अंशही काढायचा. तेलकट खाचेवर कितीही कसा, सरकणारच. मग पिन छिद्रात टाकून माउंट मागे रेटायचा, म्हणजे पिन छिद्राच्या मागच्या कडेला टेकते, आणि मगच खालचे स्क्रू कसायचे. वरच्या टोप्यांचे स्क्रू तिरके, आळीपाळीने, थोडे थोडे. दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे. माउंटवाल्याने आकडा दिला असेल तर तो पाळा, नसेल तर ॲलन कीचा आखूड दांडा बोटांनी फिरेल इतपतच. ‘अजून थोडं’ करणारे नळी चेपतात. शेवटी ताईचं नेलपॉलिश आणून प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून माउंटपर्यंत एक रेघ ओढली आणि माउंटच्या मागे खाचेवर पेन्सिलीची खूण केली. रेघ तुटली तर स्क्रू फिरला, खुणेवर माउंट चढला तर तो सरकला. यापेक्षा स्वस्त उपकरण मला माहीत नाही.

अजून एक संशयित राहिला, आणि खरं तर तपासणी त्याच्यापासूनच सुरू करावी. लाकडी दस्त्याचे स्क्रू. स्प्रिंगच्या बंदुकीत ते हमखास ढिले होतात आणि दोष बिचाऱ्या स्कोपवर जातो. ग्वाल्हेरला मे महिन्यात पंचेचाळीस अंश आणि जानेवारीत धुक्यातली ओल, त्यात लाकूड फुगतं, आक्रसतं. ऋतू बदलला की दस्त्याचे स्क्रू एकदा बघावेतच.

काही बंदुकांत नळी मुळातच किंचित खाली झुकलेली असते. स्कोपचं वर-खालीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी छरा खालीच लागतो. मागच्या रिंगेखाली पत्र्याची पट्टी घालण्याचा जुना उपाय चालतो, पण पट्टी जाड झाली तर नळी वाकते. झुकाव जास्त असेल तर कोन बदलता येणाऱ्या माउंटसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत.

कायद्याचं आणि काळजीचंही सांगायला हवं. शस्त्र नियम २०१६ नुसार ०.१७७ इंचांपेक्षा मोठा बोअर किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर एअरगनलाही परवाना लागतो. घेताना पक्कं बिल घ्या, त्यावर हे आकडे लिहून घ्या. कबुतरं, पोपट, खारी यांच्याकडे नळी वळता कामा नये. हा घरातला नियम नाही, वन्यजीव कायदाही आहे. भिंतीवर कागद चिकटवून मारू नका, छरा उलटून येतो. आम्ही जाड फळीच्या पेटीत जुने कपडे कोंबलेत, डोळ्यांवर गॉगल असतो आणि घरात मोठं माणूस नसेल तर बंदूक कुलपात.

नवा माउंट बसवल्यावर भाच्याने पन्नास छरे मारले, दर दहा छऱ्यांनी नवा कागद. पेन्सिलीची खूण जागेवर होती. पाचही कागद त्याने एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. पुंजके जवळपास एकमेकांवर बसत होते, जरासे डावीकडे. मग त्याने स्कोपचं बाजूचं बटण तीन टिचक्या उजवीकडे फिरवलं, आणि मला न विचारता सहावा कागद लावला.