बाळाच्या मूत्रपिंडाला सूज : नुसती रुंदी पाहून भागत नाही

जोयडा तालुक्यात गणेशगुडीला काळी नदीवर सुपा धरण आहे. जलाशय किती भरलाय ते काठावरून दिसतं. दांडेलीच्या अंगाला पाणी किती सुटतंय, ते त्यावरून कळत नाही. लहान मुलांच्या मूत्रपिंडाचंही असंच आहे. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाच्या ‘मूत्रपिंडाला सूज’ असं लिहून आलं की घर हादरतं. पण सोनोग्राफीत दिसते ती मूत्रपिंडातल्या, लघवी साठणाऱ्या फुगलेल्या पिशवीची रुंदी, आणि बहुतेक बाळांत ही सूज आपोआप ओसरते. मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनीच्या सांध्यावर खरोखरच लघवी अडत असेल, तर अरुंद भाग कापून नवा सांधा जोडतात. ही पायलोप्लास्टी अँडरसन आणि हाइन्स यांनी 1949 मध्ये मांडली.

लघवी अडते की नुसती रेंगाळते, हे ठरवायला किरणोत्सारी टेक्नेशियम लावलेलं औषध शिरेतून देऊन गॅमा कॅमेऱ्याखाली स्कॅन करतात. पहिल्या दोन-तीन मिनिटांत कोणतं मूत्रपिंड किती काम करतं ते कळतं. निरोगी मुलांत एकेकाचा वाटा साधारण 45 ते 55 टक्के असतो. मग लघवी वाढवणारं लॅसिक्स देऊन निचरा पाहतात. निम्मं औषध उतरायला 20 मिनिटांहून अधिक वेळ लागला तर अडथळा, हा जुना ठोकताळा तान्ह्या बाळांना सरसकट लावणं मला पटत नाही. बाळ उताणं, मूत्राशय भरलेलं, पिशवी सैल. अशा स्थितीत मोकळी वाटही तुंबलेली भासते. म्हणून लंगोट ओला होईपर्यंत थांबायचं, आईनं बाळाला थोडा वेळ खांद्याशी उभं धरायचं, आणि मगच शेवटचं चित्र घ्यायचं. माझ्या मते निर्णयाला सगळ्यात उपयोगी चित्र हेच.

शस्त्रक्रियेनंतर तर या चित्राची गरज जास्तच. ताणलेली पिशवी पुढे कित्येक महिने सैल राहते. सोनोग्राफीत सूज तशीच दिसली की आईवडिलांना वाटतं, सगळं वाया गेलं. अशा वेळी त्याच औषधाची, त्याच पद्धतीनं केलेली तपासणी आधीच्या चित्रांशेजारी ठेवावी. कामाचा वाटा टिकलाय, उभ्यानं घेतलेल्या चित्रात औषध कमी उरलंय, म्हणजे सांधा वाहता आहे. मूल खेळतंय, दुखत नाही, मग पुन्हा स्कॅन कशाला? कारण एक मूत्रपिंड मुकाट्यानं खंगत गेलं तरी दुसरं ते काम सांभाळून घेतं. किरणांची भीतीही रास्त, पण मात्रा बहुधा 1 मिलिसिव्हर्टच्या आतबाहेर असते. निसर्गातून वर्षभरात आपल्याला याहून जास्त मिळते. जोयड्यासारख्या भागात खरी अडचण घाटरस्त्याची. टेक्नेशियम दर 6 तासांनी निम्मं होतं, ते आणून गावात साठवता येत नाही. मुलालाच बेळगाव, हुबळी किंवा गोव्याला न्यावं लागतं, दिवसाची मजुरी बुडते. एवढी खेप करून आलेल्या मुलाचं शेवटचं चित्र घाईत टाळू नये. घरच्यांनीही अहवालाबरोबर पहिल्या स्कॅनची चित्रं मागून घ्यावीत आणि पुढच्या खेपेला ती पिशवीत न विसरता घालावीत.