डिसोझा म्हणजे पोर्तुगीजच का? आडनावांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुदखेडला रेल्वेचे जंक्शन आहे आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण केंद्रही. त्यामुळे देशभरातली आडनावे या गावाला नवी नाहीत. यादव, नायर, रेड्डी म्हटले की माणूस साधारण कुठला, हे लोक लगेच ओळखतात. गणवेशावरच्या नावपट्टीवर 'डिसोझा' किंवा 'फर्नांडिस' असले की मात्र अंदाज चुकू लागतात. शेजारच्या लातूरच्या देशमुख घराण्यात २०१२ साली जेनेलिया डिसोझा सून म्हणून आली आणि हे आडनाव मराठवाड्यात घरोघरी पोहोचले. आडनाव ओळखीचे झाले, पण त्याभोवतीच्या समजुती जुन्याच राहिल्या. त्यातल्या ठळक समजुती इथे एकेक करून तपासू.

गैरसमज : डिसोझा, फर्नांडिस, परेरा ही मंडळी पोर्तुगीजांची वंशज आहेत.

वस्तुस्थिती : आडनाव पोर्तुगीज आहे, माणसे बहुतांशी इथलीच आहेत. सोझा ही उत्तर पोर्तुगालमधली एक नदी. तिच्या खोऱ्यातल्या एका मध्ययुगीन सरदार घराण्याने 'द सोझा', म्हणजे सोझाचा, असे नाव लावले. मुदखेडचा तो मुदखेडकर, तसेच हे. पण वसई किंवा साष्टीच्या ज्या शेतकऱ्याच्या नावापुढे हे आडनाव लागले, त्याचा त्या नदीशी काहीही संबंध नव्हता.

अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकला. १५३४ च्या करारात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे या दोन्ही प्रदेशांत मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली. बाप्तिस्मा घेणाऱ्याला नवे नाव मिळे आणि आडनाव बहुधा धर्मपित्याचे किंवा विधी करणाऱ्या पाद्र्याचे लागे. धर्मपिता कधी पोर्तुगीज अधिकारी असे, तर कधी आधीच ख्रिस्ती झालेला गावकरी. अल्बुकर्कने आपल्या सैनिकांना स्थानिक स्त्रियांशी लग्ने करायला उत्तेजन दिले हे खरे, पण त्यातून निर्माण झालेला मिश्रवंशीय वर्ग कायम लहानच राहिला. गोव्यातला ख्रिस्ती समाज मुख्यतः धर्मांतरित कोकणी कुटुंबांतून घडला.

आडनाव असे नव्याने लागण्याचा प्रकार केवळ इतिहासातला नाही. नृत्यदिग्दर्शक रेमो डिसोझा यांचे जन्मनाव रमेश गोपी नायर आहे.

गैरसमज : सगळे डिसोझा एकमेकांचे भाऊबंद असतात.

वस्तुस्थिती : एकाच दिवशी अनेकांना बाप्तिस्मा दिला जाई, तेव्हा धर्मपिता एक असला की रक्ताचे नाते नसलेल्या कितीतरी कुटुंबांचे आडनाव एक होई. उलट, दोन सख्ख्या भावांचे धर्मपिते वेगळे असले की एक डिसोझा आणि दुसरा परेरा, असेही होऊ शके. म्हणून गोव्यात आणि मंगळुरात वधू आणि वर दोघेही डिसोझा असण्यात कोणाला वावगे वाटत नाही. दोन मुदखेडकर एकाच जातीचे किंवा कुळाचे असतीलच असे नाही, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. इथेही तोच हिशोब आहे.

नात्याची खरी ओळख आडनावाआड राहते. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदीर असे जुने थर टिकून राहिले. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी अशा समाजांची ओळख धर्मांतरानंतरही कायम राहिली. मंगळुरी ख्रिस्ती कुटुंबांपैकी काहींना आपले आधीचे आडनाव आजही ठाऊक असते : प्रभू, कामत, शेट, नायक, पै. लग्न जुळवताना 'तुम्ही कोणते प्रभू?' ही चौकशी डिसोझांच्या घरातही होऊ शकते.

गैरसमज : झाडाचे किंवा प्राण्याचे नाव असलेले पोर्तुगीज आडनाव मूळच्या ज्यू घराण्याचे असते.

वस्तुस्थिती : ही समजूत जगभर आहे. परेरा म्हणजे नाशपातीचे झाड, कार्व्हालो म्हणजे ओक, ऑलिवेरा म्हणजे ऑलिव्ह, लोबो म्हणजे लांडगा, पिंटो म्हणजे कोंबडीचे पिल्लू. पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंनी अशी आडनावे लावली, हे खरे. पण त्यांनी ती लावली कारण ती आधीपासून सर्रास वापरात होती. जुन्या ख्रिस्ती शेतकऱ्यांची आणि सरदारांचीही हीच आडनावे होती. ज्यूंसाठी राखीव असे एकही आडनाव नव्हते.

याचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासातच सापडते. गार्सिया द ओर्टा हा वैद्य १५३४ साली भारतात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले. १५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्याचा भारतीय औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ युरोपभर गाजला. तो मूळच्या ज्यू कुटुंबातला होता, पण त्याच्या आडनावावरून ते कळण्याची सोय नव्हती. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेल्या धर्मन्यायपीठाने त्याची बहीण कातारिना हिला १५६९ साली जाळले, तर १५८० मध्ये ओर्टाची हाडे थडग्यातून उकरून जाळली. हे सगळे झाले ते साक्षी आणि जबान्यांच्या आधारावर.

पोर्तुगीज आडनावांचा आणखी एक गट वडिलांच्या नावावरून तयार झाला आहे. फर्नांदोचा मुलगा फर्नांडिस, रोद्रिगोचा रॉड्रिग्ज, गोन्सालोचा गोन्साल्विस, नुनोचा नुनीस. ही नावे बापाची, पण पोर्तुगालमधल्या कोण्या पूर्वजाच्या बापाची. वसईतल्या फर्नांडिसच्या पूर्वजांत कोणी फर्नांदो होता, असे यातून सिद्ध होत नाही.

गैरसमज : ख्रिस्ती माणसाचे आडनाव पोर्तुगीज असते आणि पोर्तुगीज आडनावाचा माणूस ख्रिस्तीच असतो.

वस्तुस्थिती : पहिल्या अर्ध्या भागाचे उत्तर मराठवाड्यातच मिळते. इथला ख्रिस्ती समाज मुख्यतः एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर आलेल्या मिशनांच्या काळातला. या भागाशी पोर्तुगीज सत्तेचा संबंध आला नाही, आणि प्रॉटेस्टंट मिशनांनी आडनावे बदलण्याचा आग्रह धरला नाही. म्हणून इथले ख्रिस्ती गायकवाड, साळवे, शिंदे, कांबळे अशीच आडनावे लावतात. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी ते टिळकच राहिले.

दुसऱ्या अर्ध्या भागाचे उत्तर श्रीलंकेत आहे. तिथल्या किनारपट्टीवर १६५८ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. पुढे डच आले, इंग्रज आले, अनेक कुटुंबे बौद्ध राहिली किंवा पुन्हा बौद्ध झाली, पण परेरा, डिसिल्वा, फर्नांडो, मेंडिस, पिएरिस ही आडनावे गेली नाहीत. आज तिथे परेरा नावाचा बौद्ध ही अगदी साधी गोष्ट आहे. बौद्ध धम्माच्या पुनरुज्जीवनासाठी आयुष्य वेचणारे अनागारिक धर्मपाल यांचे जन्मनाव डॉन डेव्हिड हेवावितरणे. त्यातले 'डॉन' पोर्तुगीजांकडून आलेले. मे १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कँडीच्या ज्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, तिचे एक प्रमुख सूत्रधार गुणपाल मलालसेकेरा हेही जन्मतः जॉर्ज पिएरिस मलालसेकेरा होते. मोठेपणी त्यांनी जाणीवपूर्वक सिंहली नाव घेतले.

गैरसमज : ही आडनावे गोव्याची आहेत, आणि गोव्यात सगळ्यांची अशीच असतात.

वस्तुस्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात ख्रिस्ती लोक सुमारे २५ टक्के आहेत. उरलेल्यांत नाईक, कामत, गावकर, वेळीप, सरदेसाई अशीच आडनावे आढळतात. जुन्या पोर्तुगीज कागदांत 'सिनाय', 'कामोतीं', 'पोरोब' अशी परदेशी वाटणारी नावे दिसतात. ती शेणवी, कामत आणि प्रभू यांचीच पोर्तुगीज लेखनपद्धतीतली रूपे आहेत.

गोव्याबाहेर मात्र ही आडनावे दूरवर गेली आहेत. वसई ते मुंबई या पट्ट्यातल्या ज्या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, त्यांच्यात ती आहेत. धर्मन्यायपीठाचा जाच, दुष्काळ, लढाया आणि कर यांना कंटाळून सोळाव्या ते अठराव्या शतकात गोव्यातून कानडा किनाऱ्याकडे गेलेल्या मंगळुरी ख्रिस्तींत ती आहेत. जेनेलिया यांचे घराणे याच समाजातले, त्यामुळे 'डिसोझा म्हणजे गोव्याची' हा अंदाज तिथेही चुकतो. तमिळनाडूच्या मोती काढणाऱ्या परवर समाजात फर्नांडो आणि मच्याडो आहेत, बांगलादेशात रोझारिओ आणि गोम्स आहेत. निजामाच्या राज्यातही ती रेल्वे, लष्कर आणि नोकरीच्या वाटेने आली. प्रसिद्ध वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया मूळचे गोव्याचे, पण जन्म १९३० साली सिकंदराबादचा.

सोझा या एका आडनावाचा प्रवास पाहिला तरी पसारा लक्षात येतो. मार्टिम अफोन्सो द सोझाने १५३२ मध्ये ब्राझीलमध्ये साओ व्हिसेंती ही वसाहत वसवली. दोनच वर्षांनी तो भारतात आला, आणि १५४२ मध्ये गोव्याचा गव्हर्नर झाला तेव्हा त्याच्या ताफ्यासोबत फ्रान्सिस झेवियर होते. ब्राझीलचा पहिला गव्हर्नर जनरल तोमे द सोझा १५४९ मध्ये तिथे पोहोचला. ब्राझीलमध्ये बाप्तिस्मा दिलेल्या गुलामांना आणि मूळ रहिवाशांनाही मालकाची, धर्मपित्याची किंवा संतांची नावे लागली. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये फ्रान्सिस्को फेलिक्स द सोझा हा ब्राझीलहून आलेला गुलामांचा व्यापारी राजाचा विश्वासू झाला. त्याचा गोतावळा तिथे आजही मोठा आहे, आणि याच आडनावाचे एक गृहस्थ पुढे त्या देशाचे प्रमुखही झाले.

गैरसमज : D चा तुटक उच्चार असलेले 'डि'सोझा' खानदानी, नुसते 'सोझा' सामान्य.

वस्तुस्थिती : 'द' म्हणजे 'चा'. त्यातून सरदारकी सिद्ध होत नाही. इंग्रजीत लिहिताना मधे लोपचिन्ह टाकणे ही इंग्रजी अमलाखालच्या मुंबई-मंगळुराकडची सवय आहे. पोर्तुगालमध्ये हे आडनाव तसे लिहीत नाहीत. तिथे १९११ च्या शुद्धलेखन सुधारणेनंतर 'स' चे रूप रूढ झाले, ब्राझील आणि भारतात 'झ' चे जुने रूप जास्त दिसते. मराठीत डिसोझा, डिसोजा, डिसुझा असे सगळेच चालते. अक्षर बदलले म्हणून घराणे बदलत नाही. गोव्यातल्या साळगावात जन्मलेले आणि १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करणाऱ्यांत अग्रभागी असलेले चित्रकार एफ. एन. सूझा यांनी तर 'डि' लावलेच नाही.

गैरसमज : आडनाव पोर्तुगीज असेल तर पोर्तुगालचे नागरिकत्व मिळते.

वस्तुस्थिती : नागरिकत्वाचा संबंध आडनावाशी नसून जन्मस्थळाशी आहे. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याआधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये पोर्तुगीज अमलाखाली ज्यांचा जन्म झाला, त्यांना आणि ठरावीक अटींवर त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालकडे अर्ज करता येतो. त्यामुळे फोंड्याचा एखादा नाईक पात्र ठरू शकतो, आणि वसईचा डिसोझा त्या आधारे ठरत नाही, कारण चिमाजी अप्पांनी वसई १७३९ मध्येच जिंकली. आपल्या कायद्यानुसार भारतीय व्यक्तीने स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, हेही विसरू नये.

गैरसमज : ही माणसे मनाने परकी आहेत.

वस्तुस्थिती : त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्या नावातले ब्रागांझा हे खुद्द पोर्तुगालच्या राजघराण्याचे नाव. या कुन्हांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. १९४६ मध्ये त्यांना अटक झाली, लष्करी न्यायालयापुढे खटला चालला आणि पोर्तुगालमधल्या पेनिशेच्या किल्ल्यात त्यांना कैदेत ठेवले. गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्याही आधी, १७८७ मध्ये, पोर्तुगीजांविरुद्ध उठावाचा कट केल्याबद्दल पकडलेल्यांत पिंटो घराण्यातले लोक आणि अनेक गोवेकर पाद्री होते.

भाषेच्या बाबतीतला दाखला तर मराठवाड्याच्या दारातला आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीला काही मंडळींनी विरोध केला, तरी संमेलन झाले आणि अध्यक्षीय भाषण मराठीतच झाले. 'सुबोध बायबल' लिहिणाऱ्या या लेखकाची घरची बोली वसईची होती.

आडनावाचा प्रवास उलट्या दिशेनेही झाला आहे. २०१५ ते २०२४ या काळात पोर्तुगालचे पंतप्रधान आणि त्यानंतर युरोपीय परिषदेचे अध्यक्ष झालेले अंतोनियो कोश्ता यांच्या वडिलांकडचे घराणे मडगावचे. म्हणजे पोर्तुगालहून गोव्यात आलेले आडनाव चार शतकांनी एका गोवेकर कुटुंबाबरोबर लिस्बनच्या सत्तेत बसले.

हे सगळे लक्षात घेतले तर निष्कर्ष सरळ आहे. पोर्तुगीज आडनावावरून एवढेच कळते की त्या घराण्याच्या मागच्या कोण्या पिढीत, कोणत्या तरी पाद्र्याच्या किंवा कारकुनाच्या वहीत, ते नाव लिहिले गेले. वंश, जात, देश, निष्ठा यांपैकी काहीही त्यातून ठरत नाही. ज्यांना आपल्या घराण्याचा माग काढायचा आहे, त्यांनी चर्चमधली बाप्तिस्म्याची जुनी दप्तरे आणि पणजीचे पुराभिलेखागार पाहावे. बाकीच्यांनी एवढेच करावे : पुढच्या वेळी नावपट्टीवर डिसोझा वाचलेत तर 'तुम्ही मूळचे पोर्तुगालचे का?' असे विचारू नका. कोणत्याही मराठी माणसाला विचारता तसे विचारा, 'गाव कुठलं?'