एक कान गाण्याला

डॉक्टरांनी रक्तात साखर निघाल्याचे सांगून रोज पाऊण तास चालण्याची शिक्षा फर्मावली. नांदेडला गोदेच्या काठी आम्ही चार दिवस चाललो. पाचव्या दिवशी पायांनी संप पुकारला! तेव्हा चिरंजीवांनी काडेपेटीएवढे एक स्वस्तातले गाण्याचे यंत्र आमच्या खिशात टाकले आणि दोन्ही कानांत बोंडे खोचली. काय सांगू, वाचकहो! ‘एवढे गाणे संपेपर्यंत’ म्हणता म्हणता पाऊण तास सरू लागला.

यात जादू नाही. बँड वाजत असला की सायकलस्वार अधिक वेगाने जातात, हे लिओनार्ड एअर्स यांनी न्यूयॉर्कच्या शर्यतीत मोजून १९११ साली प्रसिद्ध केले. १९७९ साली सोनीचा वॉकमन आला आणि गाणे माणसाच्या खिशातून चालू लागले. मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांचे गाणे व्यायामाला मानवते, असे तज्ज्ञ सांगतात.

पुढे लातूरला आत्याकडे गेलो. पहाटे यंत्र लावून रस्त्याला लागलो, तो मागून मोटार! भोंगा ऐकू येणार कसा? एका दूधवाल्याने दंड धरून ओढले, म्हणून आज हे लिहितो आहे.

घरी येऊन हकिगत सांगितली. आत्या म्हणाली, “अरे, आम्हीसुद्धा जात्यावर ओव्या म्हणतच पायलीभर दळायचो. हात भरून येत नसत. पण पाळण्यातले लेकरू रडले, तर ऐकू यायचे हो!”

तेव्हापासून रस्त्याकडचा कान आम्ही मोकळा ठेवतो. साखरही आता उतरणीला लागली आहे.