समोरच्याला सांभाळून घेणारं कर्मिट

आजच्या लॅपटॉपला सहसा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट नसतो. कारखान्यातला जुना कंट्रोलर मात्र अजून त्याच वायरीवर बोलतो. मग यूएसबीतून सिरियल काढणारी केबल लावायची, लिनक्सवर सी-कर्मिट हा प्रोग्रॅम उघडायचा, पोर्टचं नाव द्यायचं, ‘सेट स्पीड ९६००’ आणि ‘कनेक्ट’ लिहायचं. एंटर दाबला की पलीकडचं यंत्र उत्तर देतं. दोन पिढ्यांची ही ओळख घालून देणाऱ्या कर्मिटचा जन्म १९८१चा आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तेव्हा मोठ्या संगणकावर विद्यार्थ्यांना जागा जेमतेम मिळे. फायली फ्लॉपीवर उतरवून घ्याव्यात, तर यंत्रांचं एकमेकांशी जमेना. अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धतच वेगळी: डेक कंपनीच्या यंत्राची आस्की, आयबीएमची एबसिडिक. कुठे आठवा बिट गळायचा, कुठे कंट्रोल अक्षरं वाटेतच गिळली जायची. फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी समोरच्याकडून कमीत कमी अपेक्षा ठेवणारा प्रोटोकॉल रचला. भिंतीवरच्या मपेट्सच्या कॅलेंडरवरून त्याला कर्मिट बेडकाचं नाव मिळालं.

त्याची रीत बघण्यासारखी आहे. फाइलचे छोटे तुकडे करायचे. मूळ रचनेत तुकड्याची लांबी ९४ अक्षरांच्या आतच. प्रत्येकाला क्रमांक आणि बिघाड ओळखणारा चेकसम. बिघडलेला तुकडा पुन्हा मागवायचा. ओळ संपवणारं अक्षर आस्कीत १३ क्रमांकाचं. ते तसंच पाठवलं तर वाटेतलं यंत्र गडबडेल, म्हणून त्यात ६४ मिळवायचे. ७७ होतात, म्हणजे एम. मग आधी हॅश, मागून एम, अशी जोडी निघते आणि पलीकडे पुन्हा तेरा होते. छोटे तुकडे आणि अशा जोड्या यांत वेग जातो; कर्मिट संथ म्हणून ओळखलं गेलं ते बरंचसं यामुळे. पुढे लांब तुकडे आणि एकामागोमाग पाठवण्याची सोय आल्यावर ती तक्रार बरीच कमी झाली.

नव्या विंडोजवर मात्र कर्मिटचे सगळे प्रोग्रॅम सारखे चालत नाहीत. डॉससाठीचं कर्मिट १६ बिटांचं. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये त्याला थारा नाही; डॉसबॉक्ससारखं एम्युलेटर उघडून सिरियल पोर्ट त्याच्या हाती द्यावा लागतो. सी-कर्मिटचं तसं नाही. त्याचा सी भाषेतला सोर्स हाताशी असतो, त्यामुळे नव्या यंत्रावर तो नव्याने कंपाइल करता येतो. याउलट विंडोज ९५पासून एक्सपीपर्यंत सोबत मिळणारं, सिरियल पोर्टवर बोलणारं हायपरटर्मिनल व्हिस्टात दिसेनासं झालं. त्याचा सोर्स वापरणाऱ्यांकडे नव्हता. त्यांना दुसरं साधन शोधावं लागलं.

कोलंबियाने २०११ साली प्रकल्प थांबवला, पण सोर्स मुक्त परवान्याखाली खुला करून. माझ्या मते विद्यापीठाने कर्मिटसाठी केलेलं हे सर्वांत मोलाचं काम. तयार प्रोग्रॅमचं आयुष्य त्या-त्या ऑपरेटिंग सिस्टिमएवढंच असतं. लिहून ठेवलेला प्रोटोकॉल आणि वाचता येणारा सोर्स यांना ते बंधन नाही. म्हणूनच हॅश आणि एमची ती जोडी आजच्या लॅपटॉपलाही बरोबर तेरा म्हणून कळते.