खोली बारा बाय दहा, स्पीकर केवढे?

मित्रहो, आधी आमची फजिती सांगतो, थिअरी नंतर.

मागच्या वर्षी आम्ही तिघांनी इंटर्नशिपचा स्टायपेंड एकत्र केला आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून टॉवर स्पीकरची सेकंडहँड जोडी आणली. कमरेएवढी उंच, प्रत्येकात आठ इंची दोन-दोन वूफर. रिक्षात स्पीकर बसले, आम्ही बसने आलो. दुकानात जोडी काय वाजत होती महाराजा!

सगळ्यात मोठा हिस्सा माझ्या रूम पार्टनरचा होता. त्याचे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. आता ते नाहीत. त्यांच्या वाजवण्याची एकच कॅसेट घरात उरली होती, ती त्याने कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. खोलीत जोडणी झाल्यावर पहिली तीच लागली. आणि सुरू झालं नुसतं घुम्म... घुम्म... प्रत्येक थाप एकसारखी, पहिली संपायच्या आत दुसरी तिच्या अंगावर. भजनाचे शब्दही त्यात बुडाले. पाच मिनिटांनी त्याने बंद केलं आणि म्हणाला, "हे बाबा नाहीत रे. कुणीही वाजवतंय असं वाटतंय."

इंजिनिअरिंगला आहोत तर फॉल्ट शोधायलाच हवा. इअरफोनवर तीच फाईल स्वच्छ, म्हणजे दोष रेकॉर्डिंगचा नाही. दुकानात तेच स्पीकर स्वच्छ, म्हणजे स्पीकरचाही नाही. उरली खोली.

फर्स्ट इयरला रेझोनन्स ट्यूबचं प्रॅक्टिकल आपण सगळ्यांनी केलंय (काहींनी नुसती रीडिंग्ज उतरवली, ते सोडा). खोली म्हणजे तशीच एक नळी, फक्त दोन्ही तोंडं बंद असलेली. समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज आपटून परत येतो आणि ठरावीक फ्रिक्वेन्सीला स्टँडिंग वेव्ह तयार होते. सूत्र सोपं: आवाजाचा वेग भागिले लांबीची दुप्पट. आपली खोली बारा फूट, म्हणजे ३.६६ मीटर लांब. ३४४ ला ७.३२ ने भागा, ४७ हर्ट्झ येतात. रुंदी दहा फूट, तिथे साधारण ५६ हर्ट्झ. आणि खरी गोम पुढे आहे. आपल्या खोलीची उंचीसुद्धा दहा फूट! म्हणजे ५६ वर दोन रेझोनन्स एकावर एक बसले. त्या आसपासचा कुठलाही स्वर आला की खोली तो फुगवून धरते आणि लवकर सोडत नाही. वाजवणारा कुणीही असो, शेवटी वाजते ती खोली.

मोठ्या हॉलमध्येही हे होतं, पण तिथे असे रेझोनन्स खालपर्यंत दाटीवाटीने असतात, त्यामुळे एकटादुकटा कानाला खुपत नाही. छोट्या खोलीत ते साधारण दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली विरळ असतात, म्हणून एकेक वेगळा टोचतो. दुकानाचा हॉल मोठा होता. आम्ही तो हॉल विकत घ्यायचा विसरलो.

यावर बी.बी.सी.च्या इंजिनिअर लोकांचं काम वाचण्यासारखं आहे. बाहेरच्या कार्यक्रमांचं प्रक्षेपण व्हॅनमधून चालायचं आणि तिथे आवाज तपासायला जेमतेम जागा असायची. त्यासाठी १९७० च्या दशकात त्यांनी एल.एस.३/५ए नावाचा स्पीकर तयार केला. उंची सुमारे बारा इंच, बंद पेटी, पाच इंचाच्या आसपासचा एकच वूफर आणि वर छोटा ट्वीटर. अगदी खालचा बेस त्यात नाहीच, आणि फार मोठ्यानेही तो वाजत नाही. पण माणसाचा आवाज माणसासारखा येतो. त्याला आजही मागणी आहे, किंमत मात्र आपल्या आवाक्याबाहेर. आपण फक्त त्यातला फंडा घ्यायचा: जागा लहान असेल तर जो बेस खोली बिघडवणारच आहे, तो स्पीकरकडे मागूच नये.

म्हणजे घेताना काय बघायचं? चार ते पाच इंची वूफरचा टू-वे स्पीकर. जमल्यास बंद पेटीचा, कारण त्याचा बेस खाली जाताना अष्टकाला १२ डेसिबलने हळूहळू उतरतो. पोर्टवाल्याचा २४ ने कोसळतो. शिवाय खोली आणि भिंती खालच्या बाजूला थोडी भर घालतातच, त्या हळू उताराला ती मानवते. पोर्टवाला मिळाला तर पोर्ट पुढच्या बाजूला असावा. मागे असेल आणि घुमत असेल तर त्यात मोजा कोंबावा. धुतलेला.

वॉटच्या मागे लागू नका. खोक्यावर पी.एम.पी.ओ. असे हजारांतले आकडे दिसले तर सरळ दुर्लक्ष करा, ते मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. आर.एम.एस. बघा आणि त्याहून महत्त्वाची सेन्सिटिव्हिटी. ८६ डेसिबलचा स्पीकर एका वॉटमध्ये एक मीटरवर ८६ डेसिबल देतो. आपलं साधं बोलणं साठच्या घरात असतं. पॉवर दुप्पट केली तर फक्त तीन डेसिबल वाढतात. थोडक्यात, चौथ्या वॉटला रेक्टरसाहेब दारात. "६० ते २०,००० हर्ट्झ" एवढंच छापलेलं असेल तर तेही अर्धवट समजा. किती डेसिबलच्या फरकात, ते लिहिलेलं हवं.

ठेवायची जागा हा अर्धा खेळ आहे. कोपऱ्यात ठेवलात तर दोन भिंती आणि जमीन मिळून बेस फुगवतात. वूफर मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर परत आलेला आवाज १४३ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजालाच खातो, म्हणजे नेमका पुरुषी आवाजाचा भरदारपणा जातो. आपल्याकडे भिंतीपासून लांब ठेवायला जागाच नाही, तेव्हा टेबलावर भिंतीजवळ ठेवा, कोपरा टाळा, ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा. त्यासाठी आम्ही दोन विटा वापरल्या. स्वतः खोलीच्या बरोबर मध्ये बसू नका (तिथे ४७ हर्ट्झ ऐकूच येत नाही) आणि मागच्या भिंतीला टेकूनही बसू नका (तिथे तोच दुप्पट).

मेसमधून अंड्यांचे ट्रे आणून भिंतीला चिकटवायचा बेत आम्हीही केला होता. ५६ हर्ट्झच्या तरंगाची लांबी वीस फूट. दोन इंची पुठ्ठा त्याचं काय वाकडं करणार? त्यापेक्षा कापसाची जाड गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी करा. चमत्कार होत नाही, पण घुमणं थोडं कमी होतं.

टॉवर आम्ही गॅदरिंगच्या नाटकवाल्यांना विकले, थोडा तोटा खाऊन. मोठ्या हॉलमध्ये ते फर्मास वाजतात. त्या पैशांत चार इंची वूफरची, आत अॅम्प्लिफायर असलेली जोडी आली. घेण्याआधी तीच पखवाजाची फाईल दुकानात नेऊन ऐकली आणि दोन दिवसांच्या बोलीवर जोडी खोलीत आणूनही ऐकली. तुम्हीही अशी बोली करूनच घ्या. मिनिटभरात कणीक लावलेल्या डाव्या तोंडावरची दाबून मारलेली थाप वेगळी आली, मोकळी वेगळी. मागे कुणीतरी खोकलं, तेही ऐकू आलं. पार्टनर म्हणाला, "हां. आणि ते खोकले ते आमचे काका."

ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी रात्री दहाच्या आत यावं. येताना गादी आणावी, दुसरा कोपरा अजून रिकामा आहे.