कोयासानचा पुतळा आणि विजासनची लेणी

परदेशांशी तह करणं केंद्र सरकारचं काम. पण पर्यटन, प्रशिक्षण, संस्कृती अशा विषयांवर राज्यं आणि शहरंही परदेशातल्या प्रांतांशी करार करतात. मुंबई आणि योकोहामा 1965 पासून भगिनी-शहरं आहेत. महाराष्ट्राने 2013 मध्ये जपानच्या वाकायामा प्रांताशी असाच करार केला. वाकायामातच कोयासान हे शिंगोन बौद्ध पंथाचं पीठ आहे. तिथल्या विद्यापीठात 2015 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. शिंगोन पंथ नागार्जुनांना आपल्या आद्य आचार्यांत गणतो आणि तिबेटी परंपरा त्यांना विदर्भाचे मानते. म्हणजे हा धागा करारापेक्षा फार जुना आहे.

विदर्भातल्याच, कोळशाच्या खाणींच्या माजरी गावाला हे दूरचं वाटेल. पण जवळच भद्रावतीला, म्हणजे भांदकला, विजासनची बौद्ध लेणी आहेत: टेकडीच्या पोटात सरळ शिरणारी लांब, अंधारी वाट, टोकाला बसलेला बुद्ध, आणि काटकोनात फुटणाऱ्या आणखी दोन वाटा, त्यांच्याही शेवटी बुद्धच. जपानी पाहुण्यांचा प्रवास अजिंठ्यालाच संपू नये, असं मला मनापासून वाटतं. नागपूरहून बल्लारशाला जाणारी रेल्वे माजरी-भांदकवरूनच जाते.