जुन्या मालमोटारीचे चावीचे कुलूप हलविताना

समोरच्या काचेचे रबर जीर्ण झाले म्हणजे पावसाचे पाणी चावीच्या कुलपात उतरते, आणि नेमकी बाजाराच्या दिवशी भरलेली गाडी सुरू होत नाही. असे कुलूप कोरड्या जागी हलविणे इष्ट होय. मात्र प्रथम बॅटरीचे सांगाड्यास जोडलेले टोक सोडावे. चावी काढली तरी कुलपामागील एका तारेत प्रवाह असतोच. ती पत्र्यास टेकली तर क्षणात लाल होते व आग लागण्याचा संभव असतो. बाकीची चूक सुधारता येते, ही नव्हे.

१९६० ते १९७० या काळातील शेव्हरोलेट मालमोटारीत कुलपाच्या तोंडावर बारीक छिद्र असते. चावी डावीकडे फिरवून त्यात ताठ तार दाबली, की चावी आणखी वळते व गाभा बाहेर येतो. मग पुढील नट काढून स्विच मागून सोडवावा. तत्पूर्वी प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधावी. वाढीव तार तितक्याच जाडीची घेऊन सांध्यास डाख द्यावा व वर चिकटपट्टी गुंडाळावी. नुसता पीळ हादऱ्यांनी सैल होतो. तार पत्र्यातून जाते तेथे रबरी कडे बसवावे. नवी जागा चालकाच्या गुडघ्यापासून व पेट्रोलच्या नळीपासून दूर असावी.